सव्वाआठच्या बसच्या आत डबा: बेळगावात नव्यानं संसार मांडणाऱ्यांसाठी

लग्न होऊन, बदली होऊन किंवा शिकायला म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात आलेल्या आणि सकाळी घाईनं घर सोडावं लागणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझं माहेर निपाणीकडचं, सासर वडगावचं. बारा वर्षं मी सकाळी सव्वाआठची बस धरून तालुक्याच्या गावी शिकवायला जात होते. घरात पाच माणसं. सासूबाई सकाळी कधी धावपळ करताना दिसल्या नाहीत, तरी आठच्या आत सगळ्यांचे डबे भरलेले असायचे. त्यांचं गुपित मांडणीवरच्या बरण्यांत होतं. इकडच्या जेवणाचा निम्मा भाग आठवडाभर आधी, काही वेळा तर उन्हाळ्यातच तयार झालेला असतो: तिखट चटणी, शेंगदाण्याचं कूट, कारळ्याची चटणी, कडक भाकरी. सकाळी त्यात ताजी डाळ नाहीतर भाजी घालायची, एवढंच उरतं. म्हणून नव्या माणसानं पाककृती पाठ करत बसण्याआधी या बरण्या भरायला शिकावं असं माझं मत आहे.

आधी दुकानातले शब्द

गणपत गल्लीत, खडेबाजारात मराठीवर काम भागतं. रविवार पेठेतल्या किराणा दुकानांतही अडत नाही. पण पाकिटांवर कन्नड असतं, आणि खेड्यातून भाजी घेऊन येणाऱ्या बायका बहुतेक वेळा कन्नडच बोलतात. पुण्या-मुंबईकडून आलेल्यांनी एवढे शब्द कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवावेत. जोळ म्हणजे ज्वारी, अक्की म्हणजे तांदूळ, गोधी म्हणजे गहू. डाळीला पाकिटावर बेळे लिहिलेलं असतं, बोलण्यात ब्याळी होतं. तोगरी बेळे ही तूरडाळ, कडली बेळे हरभऱ्याची, हेसरू बेळे मुगाची. उळ्ळागड्डी म्हणजे कांदा, बळ्ळोळ्ळी म्हणजे लसूण, मेणसिनकाई म्हणजे मिरची, हुणसेहण्णू म्हणजे चिंच, बेल्ल म्हणजे गूळ, एण्णे म्हणजे तेल, उप्पू म्हणजे मीठ. गुरेळ्ळ हे आपले कारळे आणि अगशी म्हणजे जवस. पुंडी पल्ल्या मागितली की अंबाडी मिळते.

मराठीतही थोडा फरक आहे. इथं मटकीला मडकी म्हणतात, चवळीला अळसंदे. आणि नुसतं ‘चटणी’ म्हटलं की तोंडी लावायची चटणी नव्हे, तर भाजी-आमटीत घालायची कांदा-लसणाची लाल चटणी. ‘आमटीत चमचाभर चटणी घाल’ असं कुणी सांगितलं तर खोबऱ्याची चटणी शोधू नका.

चटणीची बरणी

सगळ्यात जास्त वेळ ही बरणी वाचवते, कारण कांदा परतणं, वाटण करणं, मसाले भाजणं ही तिन्ही कामं तिच्यात आधीच झालेली असतात. नुसती फोडणी, चमचाभर चटणी, मूठभर कूट आणि पाणी. दहा मिनिटांत रस्सा तयार.

पहिल्या वर्षी स्वतः करायची घाई करू नका. गल्लीत कुणी ना कुणी चटणी करून विकणारी बाई असतेच. तिच्याकडून पाव किलो आणा, महिनाभर वापरा, तिखटपणाचा अंदाज घ्या. मग उन्हाळ्यात थोडी स्वतः करून बघा. मिरची दोन प्रकारची लागते. ब्याडगी रंगासाठी: हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची ही सुरकुतलेली लालभडक मिरची, तिखट कमी, रंग भरपूर. संकेश्वरी झणका देण्यासाठी. ती आपल्याच हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरच्या नावाची. नुसत्या संकेश्वरीनं जेवण पोळतं, नुसत्या ब्याडगीनं रस्सा दिसतो छान पण जिभेला काही लागत नाही. मी चार भाग ब्याडगीला एक भाग संकेश्वरी घेते.

लहान घराला पुरेल असं प्रमाण असं: दोन्ही मिळून पाव किलो मिरचीपूड, पाव किलो कांदा, 100 ग्रॅम लसूण, 100 ग्रॅम सुकं खोबरं, 100 ग्रॅम धणे, 50 ग्रॅम तीळ, 25 ग्रॅम जिरे, 75 ग्रॅम मीठ, आणि दालचिनी, लवंग, मिरी, तमालपत्र थोडं थोडं.

1. कांदा पातळ उभा चिरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. मग तेलात तांबूस कुरकुरीत तळा. बोटानं मोडल्यावर कटकन तुटला पाहिजे.
2. खोबऱ्याचा कीस, तीळ, धणे, जिरे वेगवेगळे मंद आचेवर भाजा. एकत्र भाजले तर तीळ करपतात आणि धणे कच्चे राहतात.
3. सगळं पूर्ण गार झाल्यावर मिक्सरला कोरडं फिरवा. मिरचीपूड आणि मीठ घाला, शेवटी लसूण घालून पुन्हा फिरवा. प्रमाण मोठं असेल तर डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून आणा.
4. कोरड्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा. रोजच्या वापरापुरती छोट्या डब्यात काढा, मोठी बरणी रोज उघडू नका.

पहिल्या वर्षी माझी अख्खी बरणी श्रावणात बुरसली होती. कांदा वरून वाळलेला दिसला म्हणून मी घाईनं तळला, आतून तो मऊ होता. वरचा बुरशीचा थर काढून खालची चटणी वापरावी असं मनात आलं होतं, पण सासूबाईंनी सगळी टाकायला लावली. त्यांचं बरोबर होतं. मिरची आणि शेंगदाणा या दोन्हींवर येणाऱ्या काही बुरशी विष तयार करतात. ते डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवल्यानं पुरतं जातही नाही. चटणीला किंवा कुटाला कुबट वास आला तर हळहळ न करता टाकून द्या.

रविवारचे दोन तास

आठवड्यातून एकदा दोन तास मोकळे काढा. गॅसवर एक काम, ओट्यावर दुसरं, असं चालू ठेवा.

शेंगदाणे अर्धा किलो जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा, साल सुटेपर्यंत. गार झाले की फडक्यात घालून चोळा, सुपात पाखडा. मिक्सर थांबत-थांबत फिरवायचा. एकसारखा फिरवला तर तेल सुटतं आणि कुटाचा गोळा होतो. यातलंच थोडं कूट, दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चमचे ब्याडगीची पूड, जिरे आणि मीठ एकत्र फिरवलं की शेंगदाण्याची चटणी झाली. ज्या दिवशी भाजी करायला जमलं नाही त्या दिवशी हीच चटणी, दही आणि भाकरी. इकडे हे पाहुण्यालाही वाढतात, त्यात कमीपणा नाही. कारळे भाजून याच पद्धतीनं चटणी करा. कारळे मोहरीसारखे तडतडायला लागले की लगेच उतरवा; थोडे जास्त झाले की कडू होतात.

लसूण सोलायला वेळ जातो अशी सगळ्यांची तक्रार. पाकळ्या सुट्या करून कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, साल बोटानं सरकते. आलं-लसूण वाटताना पाणी घालू नका, मीठ आणि थोडं तेल घाला. हे वाटण फ्रीजमध्येच ठेवायचं आणि आठवड्यात संपवायचं. जास्त केलं असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवून वड्या पिशवीत भरून ठेवा, त्या दोन-तीन महिने टिकतात. तेलात बुडवलेला कच्चा लसूण ओट्यावर बाहेर ठेवायची चूक मात्र करू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि तशा जागी वाढणारे जंतू माणसाच्या जिवावर बेतू शकतात.

चिंचेचा कोळही असाच एकदाच करा: चिंच गरम पाण्यात भिजवून कोळ गाळा, मीठ घालून दाट आटवा. फ्रीजमध्ये तीन आठवडे राहतो. ओलं खोबरं खवून गोठवा. कोथिंबिरीची मुळं कापून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा.

मडकी रविवारी रात्री भिजत घाला. सोमवारी सकाळी निथळून फडक्यात बांधा आणि कामावर जा. उन्हाळ्यात संध्याकाळी परत येईपर्यंत मोड आलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंडीत मंगळवार सकाळ उजाडते. तेव्हा बांधलेलं फडकं झाकणाच्या डब्यात घालून तो डबा कोमट पाण्याच्या डेचकीत ठेवा. मोड आलेली मडकी फ्रीजमध्ये तीन दिवस राहते.

कुकर आणि डाळ

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर पाणी 100 अंशांना नाही, साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळतं. फरक थोडा वाटतो, पण कोकणातून किंवा मुंबईहून आलेल्यांना उघड्या भांड्यात डाळ, अळसंदे शिजायला वेळ लागतो हे लगेच जाणवतं. कुकरमध्ये वाफ कोंडल्यानं तापमान 120 अंशांच्या जवळपास जातं. म्हणून कडधान्य कुकरलाच लावा.

तूरडाळ अर्धा तास भिजवली की तिला लागणारा वेळ आणि भाताचा वेळ जवळजवळ सारखा होतो. खाली डाळ, वर तांदूळ, तीन शिट्ट्या. डाळीत हळद आणि थेंबभर तेल घाला, फेस कमी येतो आणि शिट्टीत अडकत नाही. पहिली शिट्टी झाली की आच कमी करा. आतलं तापमान तेवढंच राहतं, मोठ्या आचेनं फक्त गॅस जळतो. वाफ आपोआप जिरू द्या, त्या दहा मिनिटांतही डाळ शिजत असते.

चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. आंबटपणानं दाण्याचं साल आणि गर घट्ट राहतो आणि कितीही शिट्ट्या केल्या तरी डाळ गळत नाही. बोअरच्या जड पाण्यातही तेच होतं, कारण त्यात चुन्याचं प्रमाण जास्त असतं. आमच्या गल्लीत बहुतेक घरांत विहीर किंवा बोअर आहे. तरीही डाळीपुरतं नळाचं पाणी वेगळं भरून ठेवतो. सोडा घातला तर डाळ पटकन मऊ होते खरी, पण ब-1 जीवनसत्त्व नासतं आणि चवही बिघडते. त्यापेक्षा रात्रीच भिजत घाला.

तांदळाचं एक लक्षात ठेवा. येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातला वासाचा तांदूळ किंवा खानापूरकडचा तांदूळ दिवाळीनंतर नवा येतो. नव्या तांदळाला वाटीला दीड-पावणेदोन वाट्या पाणी पुरतं, जुन्याला दोन-सव्वादोन लागतं. दुकानदाराला नवा की जुना हे विचारूनच घ्या, नाहीतर पहिला आठवडा रोज भाताचा गोळा होईल.

रात्रीचा भात सकाळी फोडणीला घालायचा असेल तर जेवणं झाल्यावर लगेच ताटात पसरून गार करा आणि तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर रात्रभर राहिलेल्या भातात असे जंतू वाढतात की त्यांचं विष परतल्यावरही जात नाही, आणि उलट्या होतात. उन्हाळ्यात याबाबतीत अजिबात धीर करू नका.

भाकरी

नव्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती हिचीच वाटते. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून तिला गरम पाण्यानं बांधावं लागतं.

पीठ आधी पाहा. दळून महिना झालेलं पीठ विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो. मग कितीही मळा, कडा फाटतातच. आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा.

दोन वाट्या पीठ काटवटीत घ्या. वाटीभर पाण्याला चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळा, त्यातलं पाऊण वाटी पिठावर ओतून उलथण्यानं ढवळा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. नंतर कोमट पाण्याचा हात लावत तळव्यानं रगडून मळा. मळण्यात कंजूषी केली की भाकरी चिरते. गोळा करून कोरडं पीठ पसरून कडेकडेनं थापा, मध्ये कमी. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ द्या, त्यावर लगेच पाण्याचा हात फिरवा. पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा. दुसरी बाजू नीट भाजली की तवा बाजूला करून पहिली बाजू विस्तवावर धरा. फुगली नाही तरी ती चांगली लागते. पहिले पंधरा दिवस फुगण्याकडे बघू नका, कडा न फाटण्याकडे बघा.

थापता येईना तर दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये पोळपाटावर हलक्या हातानं लाटा. यात काही चुकीचं नाही. आणि आठवड्यात दोन दिवस तरी कडक भाकरी वापरा. पातळ थापून पूर्ण वाळेपर्यंत भाजलेल्या या भाकऱ्या बेळगावात घराघरांतून आणि दुकानांतून चवडीनं विकत मिळतात, हवाबंद डब्यात तीन-चार आठवडे राहतात. मऊ हवी असेल तर पाण्याचा हात लावून ओल्या फडक्यात पाच मिनिटं गुंडाळा. मोडून आमटीत भिजवली तर भात लावायचीही गरज नाही.

सकाळ प्रत्यक्षात कशी जाते

रात्री झोपताना तीन गोष्टी: भाजी चिरून डब्यात, डाळ-तांदूळ मोजून ओट्यावर, डबे धुऊन उघडे. विजेचा भरवसा नसेल तर मिक्सरचं काम रात्रीच उरका.

सव्वासहाला डाळ भिजत घालून चहा ठेवा. पावणेसातला कुकर. कुकर चालू असताना दुसऱ्या शेगडीवर भाजी. सव्वासातला तीच शेगडी भाकरीला मोकळी होते. साडेसातला डाळीला फोडणी, पावणेआठला डबे. हे अंग वळायला मला महिना लागला, तुम्हालाही लागेल.

भाजीला फार विचार नको. पिठलं दहा मिनिटांचं: वाटीभर बेसन तीन वाट्या गार पाण्यात आधी कालवून घ्या, गुठळ्या होत नाहीत, लसूण-मिरचीच्या फोडणीत ओतून सतत ढवळत शिजवा. डब्याला न्यायचं असेल तर पाणी कमी करून झुणका करा, सांडत नाही. मोड आलेली मडकी कांद्यावर परतून चटणी आणि कूट घातलं की सुकी उसळ. भरल्या वांग्यालाही, ज्याला इथं एण्णेगाई म्हणतात, बरण्या तयार असतील तर पाऊण तास लागत नाही. तीन चमचे शेंगदाण्याचं कूट, एक चमचा कारळ्याचं, चमचाभर चटणी, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा आणि मीठ कालवून लहान वांग्यांत भरा, छोट्या कुकरमध्ये तेलावर परता, अर्धी वाटी गरम पाणी घाला आणि मंद आचेवर एकच शिट्टी. शिट्टी होताच गॅस बंद. दोन झाल्या तर वांग्याचा लगदा होतो.

मांडे आणि कुंदा ही इथली गोडं घरी करायच्या मागं या धावपळीच्या वर्षांत लागू नका. मांडे हे वर्षानुवर्षं हात बसलेल्या माणसाचं काम आहे आणि कुंद्यासाठी दूध तासन् तास आटवावं लागतं. सणाला दोन्ही विकत आणा. पुरण मात्र आदल्या दिवशी शिजवून वाटून फ्रीजमध्ये ठेवता येतं, आणि वर निघालेल्या कटाची आमटी दुसऱ्या दिवशी जास्त मुरते.

पावसाळ्यात

इथला पाऊस, त्यातही खानापूर भागातला, दमट हवा घेऊन महिनोन् महिने राहतो. मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, तिखटाला गाठी होतात. मिठाच्या बरणीत चमचाभर भाजलेले तांदूळ घाला. जूनच्या सुरुवातीलाच कूट आणि कारळ्याची चटणी फ्रीजमध्ये हलवा, आणि रविवारी एका वेळी आठवड्यापुरतंच करा. प्रत्येक बरणीला स्वतःचा कोरडा चमचा ठेवा. ओला चमचा एकदा जरी गेला तरी पाणी आत राहतं. भाजलेला रवा, भाजलेले पोहे पंधरा दिवसांचेच भरा. मग दसऱ्याच्या सुमारास ऊन पडायला लागलं की सगळ्या बरण्या रिकाम्या करून धुवा, दिवसभर उन्हात पालथ्या घाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापल्यावरच भरा.